न घातलेलं गाऱ्हाणं

५ जानेवारी १९९७

गोमाजीकाका आज आले आणि घरात न येता अंगणातूनच बोलले. माझे सख्खे चुलते. यांच्या खांद्यावर बसून मी लहानपणी शिमग्याची पालखी पाहिली, आणि आज ते माझ्या उंबऱ्याला पाय लावायला तयार नाहीत.

"महिपती, ऐकलंय ता खरं हाय काय रे?"

"काय ऐकलंय ते बोला, मग सांगतो."

"दासगावला तुला पान्यात बुडवून काढलान. किरिस्ताव झालास."

"बुडवलं ते खरं. वर आलो ते त्याहून खरं."

त्यांना हे आवडलं नाही. बोलून झाल्यावर मलाही वाटलं की जरा सौम्य बोलता आलं असतं. पण गप्प बसलो असतो तर घाबरला म्हणाले असते, आणि मी घाबरलेलो नाही. नाताळाच्या आधी महाडच्या आढाव पाळकांनी मला सावित्रीच्या पाण्यात बाप्तिस्मा दिला. होडीतून कोणीतरी आमच्याकडचा बघत होता. मी घरी पोचायच्या आत बातमी कापड्याला पोचली आणि तिथून ओढा ओलांडून आमच्या देऊळकोंडात आली. एसटीपेक्षा आमच्या लोकांची तोंडं वेगात धावतात.

काका गेल्यावर आईने एवढंच विचारलं, "चा पन नाय घेतलान?"

मुंबईच्या छापखान्यात मी जुळारी होतो. दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि दुखवटे खिळ्यांत जुळवण्यात जन्म गेला, स्वतःचं असं एक वाक्य लिहिलं नाही. आता लिहिणार. काय होतंय ते कोणीतरी सरळ लिहून ठेवलं पाहिजे.

९ जानेवारी

गावकी बसली. मला बोलावून उभं ठेवलं.

प्रश्न माझ्या आत्म्याचा नाहीच, प्रश्न गाऱ्हाण्याचा आहे. शिमग्यात भैरीची पालखी सहाणेवर, म्हणजे गावाच्या मधल्या दगडी ओट्यावर, बसते. धुळवडीच्या सकाळी सगळ्या गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं: पाऊस वेळेवर दे, गुरांना राख, मुंबईला गेलेल्यांना सांभाळ. एकाने म्हणायचं आणि प्रत्येक मागण्याला गावाने एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. म्हणायचा मान आमच्या घराचा. आजोबांनी म्हटलं, बाबांनी म्हटलं, बाबा गेल्यापासून मी म्हणत आलो. मान दुसऱ्या घराला देता येत नाही. एकदा दिला की होळीचा मान, ढोलाचा मान, सगळेच मागायला उठतील आणि शिमग्यात डोकी फुटतील.

गोमाजीकाका म्हणाले, "नुसतं तोंडानं म्हन. मनात तुजा येशू ठेव. आमी काय तुजी छाती उघडून बघनार नाय."

खरं सांगतो, हे ऐकून मला रडू आलं. शिव्या दिल्या असत्या तर सोपं होतं. इतक्या मायेने वाट करून दिली होती.

मी म्हणालो, "काका, छाती उघडून बघणारा एकजण आहे. माझी पंचाईत त्याच्याशी आहे."

मग निकाल झाला. आजपासून आमचं घर वाळीत. विहीर बंद, गिरणी बंद, दुकान बंद, बोलणं बंद. धुळवडीला सहाणेवर येऊन गाऱ्हाणं घातलं तर सगळं माफ. नाही घातलं तर कायमचं.

ठीक आहे. कायमचं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. ते यांच्या हातात नाही.

१० जानेवारी

सोनबा समोरून आला. माझ्या बरोबरीचा, एका पाटीवर दोघांनी अक्षरं गिरवली. मला बघून शेताच्या बांधावर उतरला आणि उगाच वालाच्या शेंगा चाचपत बसला. मी मुद्दाम थांबून मोठ्याने म्हटलं, "सोनबा, त्या शेंगा माझ्या आहेत." तरी मान वर केली नाही.

२४ जानेवारी

माझी बायको रेश्मा ओढ्यातल्या झिऱ्यावरून पाणी आणते. झिरा म्हणजे वाळूत उकरलेला खड्डा, वाटीने भरत बसायचं. मी आणतो म्हटलं तर म्हणाली, पुरुषाच्या डोक्यावर हंडा बघून गाव हसेल. म्हटलं, जे बोलत नाहीत ते हसतील कसे? पण ऐकत नाही.

आश्चर्य म्हणजे ती फार लवकर परत येते. माझा चहा संपत नाही तोच दोन हंडे मागल्या दारात. पायाला वाळूसुद्धा नाही. प्रभूने तिच्या अंगात बळ घातलं आहे, दुसरं काय? तसं तिला म्हटलं. म्हणाली, "तुमच्या प्रभूला सांगा, बायांना असंच बळ देत राहा म्हनावं," आणि पदर तोंडाला लावून आत पळाली. बिचारी आत जाऊन रडते. तिचा बाप्तिस्मा झालेला नाही, ती काही ठरवत नाही, मी प्रार्थनेला बसलो की शेजारी लसूण सोलत बसते. तरी माझ्यासाठी हे सगळं सोसते आहे.

आई मात्र माझी परीक्षा बघते आहे. आज भाकरी थापता थापता विचारलं, "महिपती, गाऱ्हान्यात पयला गावदेव की पयली सीमेवरची वाघजाई?" मी म्हटलं मला आठवत नाही. खोटं बोललो. सगळं आठवतं.

२ फेब्रुवारी, रविवार

महाडला उपासनेला गेलो. बाजारामागच्या खोलीत आम्ही दहाबारा माणसं जमतो. गाणं म्हणताना मी सगळ्यांच्या वर आवाज लावतो, कारण आठवडाभर माझ्याशी आई आणि रेश्मा सोडून कोणी बोललेलं नसतं.

येताना चवदार तळ्याच्या कडेने आलो. पाणी बंद करायची अक्कल आमच्या तालुक्यात जुनीच. आणि त्या वेळी बंद करणाऱ्यांत आमच्यासारखीच घरं होती, मार खाणाऱ्यांत नव्हती. हे मला आजवर कधी टोचलं नव्हतं. आपल्या घशाला कोरड पडल्याशिवाय माणसाला कळत नाही, हे कबूल करायला लाज वाटते, पण खरं आहे.

उपासनेनंतर आढाव पाळकांनी बाजूला घेतलं. नगरकडचा शांत माणूस, एका दवाखान्यात कंपाउंडर आहेत. म्हणाले, "महिपतराव, रागावू नका, पण विचारतो. हे जे तुम्ही पाय रोवून उभे आहात, ते प्रभूसाठी की तुमच्या स्वभावासाठी?"

मी रागावलो. सलाम न करता निघून आलो. पाणी माझं बंद, गिरणी माझी बंद, आणि हे मला स्वभाव विचारतात!

३ फेब्रुवारी

प्रश्न रात्रभर पोटात राहिला. उत्तर असं आहे की मला माहीत नाही. माझा स्वभाव तापट आहे हे सगळा देऊळकोंड जाणतो. पण प्रभूने मला घेतलं तेव्हा स्वभाव बाहेर ठेवून ये असं म्हटलं नव्हतं. तापट तर तापट. त्याच्याच कामी आला तर बरं.

१४ फेब्रुवारी

राबासाठी टाळ, म्हणजे झाडांच्या फांद्या, तोडायला गेलो. पाला, काटक्या, शेण भाताच्या वाफ्यावर पसरून जाळायचं म्हणजे रोपं चांगली येतात. एकट्याचं काम नव्हे. दरवर्षी सोनबा आणि मी एकमेकांच्या वाफ्यावर जातो. या वर्षी मी, रेश्मा आणि झाडं.

झाडावर चढलो होतो. कोयता चालवताना तोंडातून आपोआप निघालं, "बा देवा भैरी म्हाराजा..." आणि पुढची तीन-चार मागणी सुद्धा, बाबांच्या चालीत. कोयता फांदीत रोवून थांबलो. त्या शब्दांत माझे बाबा आहेत. ते सोडायचे म्हणजे बाबांचा आवाज सोडायचा. हे कोणाला सांगू? पाळकांना सांगितलं तर प्रार्थना करू म्हणतील. आईला सांगितलं तर तिला आशा लागेल.

झाडावर बसूनच प्रार्थना केली. म्हटलं, प्रभू, तुला सगळं दिलं, हे पण घे. पण घेताना दुखतंय हे तुला कळू दे.

खाली रेश्मा ओरडली, "वर झोपलात की काय?"

२७ फेब्रुवारी

आईशी भांडलो. ती दळताना गाऱ्हाणं गुणगुणत होती. मधेच अडते आणि मला विचारते, "चाकरमान्यांच्या मागनं गुरं येतात की गुरांच्या मागनं चाकरमानी?" रोज एक नवा प्रश्न. मला मोहात पाडायचे धंदे. माझ्या तोंडून एकदा निघालं की शिमग्याला पण निघेल असं तिचं गणित असणार.

मी ओरडलो, "आई, मी ते म्हणणार नाही. तू जात्यावर म्हण, चुलीवर म्हण, मी म्हणणार नाही!"

"तुला कोन म्हन सांगतंय?" ती म्हणाली. "मी विचारतंय ता सांग. गुरं पयली की चाकरमानी?"

"गुरं!" म्हटलं आणि बाहेर गेलो. मागून जातं परत फिरायला लागलं.

प्रभू, आईसाठी प्रार्थना करतो. सैतान माणसाच्या जवळच्या माणसातूनच बोलतो असं ऐकलं होतं. इतक्या जवळून बोलेल असं वाटलं नव्हतं.

८ मार्च

झिऱ्यावर स्वतः जाऊन आलो. खडखडीत कोरडा. घरी येऊन बघतो तर हंडे काठोकाठ भरलेले. रेश्मा म्हणाली, वरच्या अंगाला दुसरा झरा आहे. मला कधी दिसला नाही, पण प्रभू वाळवंटात पाणी देतो तर पोलादपूर तालुक्यात का देणार नाही? आणि तिने हाताने दळलेलं पीठ गिरणीच्या पिठाइतकं बारीक येतं. माझ्या बायकोच्या कष्टाला तोड नाही.

संध्याकाळी आई ओटीवर पाय शेकत बसली होती. गुडघे धरले आहेत, सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर ने म्हणते. एकदम म्हणाली, "मी मेले तर उचलायला येतील काय रे कोन?"

मी निखारे सारखे केले.

"तुजी चार किरिस्ताव मानसं येतील महाडाहून, ठावं हाय मला. चांगलीच असतील. पन मला ह्या गावाचे खांदे पायजेत. मी ह्या गावात नांदले."

विहिरीचं मला काही वाटत नाही. गिरणीचं नाही, दुकानाचं नाही. पण हे ऐकल्यावर रात्री जेवायला बसलो नाही. माझ्या विश्वासाची किंमत मी मोजीन. ती माझ्या आईने का मोजावी? हा प्रश्न मी प्रभूला मोठ्याने विचारला.

१५ मार्च

आज ठरवलं होतं. लपवत नाही. सकाळी उठल्यावर ठरवलं की सहाणेवर जायचं, डोळे मिटायचे, शब्द म्हणायचे. आईचे खांदे तिला मिळतील. प्रभू क्षमा करतो, त्याचं तर कामच ते आहे. असं मनात म्हणालो आणि त्याच क्षणी स्वतःची किळस आली. क्षमेचा हिशेब आधीच मांडून पाप करायला निघालो होतो.

आणि दुसरं असं, की ते देवापुढे म्हणतात. खरं मानून म्हणतात. मी तिथे खोट्या तोंडाने उभा राहणार, म्हणजे मी माझ्या प्रभूला फसवणार, गावाला फसवणार आणि ज्या बाबांनी जीव ओतून म्हटलं त्यांनाही फसवणार. एका वाक्यात एवढ्यांशी बेइमानी मला जमणार नाही.

आईला जाऊन सांगितलं, "मी गाऱ्हाणं घालणार नाही. तुझ्यासाठी सुद्धा नाही."

तिने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तुजा बा पन असाच होता. एकदा नाय म्हटला की नाय." आणि मग, हे तर कहरच, "मग माज्या लुगड्याचं काय ता बघ. ता हिरव्या काठाचं धुवून ठेव सांग रेश्माला." मी काय बोलतोय आणि हिला लुगडं सुचतंय. वय झालं.

२३ मार्च, रविवार

झावळ्यांचा रविवार आणि आज होळी, दोन्ही एकाच दिवशी. सकाळी महाडला हातात माडाची झावळी घेऊन 'होसान्ना' गायलो. आढाव पाळकांना भेटून त्या दिवशीची माफी मागितली. त्यांनीही एक गोष्ट सुचवली. बाजारात एक खोली रिकामी आहे. आईला, रेश्माला घेऊन या, उद्याचा तमाशा टळेल, आठवड्याला उपासना होईल, छापखान्यात काम मिळेल.

चांगल्या मनाने सुचवलं. पण मी नाही म्हणालो. येशूला माहीत होतं शहरात काय होणार आहे, तरी तो शहरात गेला ना? आजच्याच दिवशी गेला. मी देऊळकोंडातून पळालो तर उद्या माझ्याकडे बघून कोण म्हणेल की याचा देव खरा आहे? म्हणतील, पळाला. मी इथेच जन्मलो, इथेच राहणार, इथेच माझ्या प्रभूची प्रार्थना करणार. वाळीत टाकलेल्या जमिनीत सुद्धा भात उगवतं.

उद्या सहाणेवर जाणार. घरात लपून नाही म्हणण्यात काय अर्थ आहे? नाही म्हणायचं ते तोंडावर.

मी एकटाच उभा आहे याचं आज फारसं वाईट वाटत नाही.

२४ मार्च, धुळवड

जसं झालं तसं लिहितो.

सहाणेवर पालखी बसली होती, सगळं गाव जमलं होतं. मुंबईचे पण आले होते. काकांचा नातू साहिल गॉगल लावून "क्या सीन है" म्हणत फिरत होता. मी गर्दीच्या बाहेर आंब्याखाली उभा राहिलो. ढोल थांबले. गोमाजीकाका पुढे येऊन सगळ्यांदेखत म्हणाले, "महिपती, येतोस काय?"

मी म्हणालो, "काका, मी मागतो ते एकाच्याच नावाने मागतो. येशूच्या. तुम्ही खरं मानून हात जोडता. तिथे मी खोटं तोंड घेऊन उभा राहणार नाही. तुमचा पण अपमान, माझ्या प्रभूचा पण. विहीर बंद ठेवा, बोलू नका, मला उचलायला येऊ नका. मी येणार नाही."

काकांचा चेहरा लाल झाला. ते वळून म्हणाले, "ऐकलात मंडळी. आता ह्या घराचा..."

"थांब रे गोमाजी," बायकांतून आवाज आला.

आई होती. हिरव्या काठाचं लुगडं नेसून, गुडघे धरत, लोकांमधून वाट काढत पुढे आली. रेश्मा तिच्या हाताला धरून. आई थेट सहाणेच्या पायरीवर चढली. बाई, आणि ती पण विधवा! माझ्या डोळ्यांदेखत असं कधी झालेलं नाही, आजोबांच्या डोळ्यांदेखत झालेलं नाही.

"वयनी, ह्या काय?" काका म्हणाले.

"मान कोनाचा?"

"तुमच्या घराचा."

"घराचा ना? मानसाचा नाय ना? मग घरातनं मी आले."

"बायांनी नाय घालत गाऱ्हानं."

"भैरीला इचारलंस? त्याच्या शेजारी जोगेश्वरी बसल्ये, ती काय बापय हाय?"

कोणीतरी हसलं. काका हसणाऱ्याकडे वळले आणि तेवढ्यात आईने हात जोडून सुरुवात केली. बाबांच्या चालीत. एक शब्द चुकला नाही. गावदेव, मग सीमेवरची वाघजाई, मग पाणी-पाऊस, मग गुरं, मग चाकरमानी. पहिल्या मागण्याला दोघं-तिघंच 'व्हय म्हाराजा' म्हणाले, पुढच्याला दहा, आणि मग ती चालच अशी आहे की गाव आपोआप तिच्या मागे निघालं. मी तोंड घट्ट मिटून उभा होतो. नखं तळव्यात रुतवली, कारण माझे ओठ पण हलायला बघत होते. नाही हलवले. प्रभू, हे तुला ठाऊक आहे.

सगळं संपलं असं वाटलं. पण आई थांबली नाही.

"आनि म्हाराजा, ही तुळजा म्हातारी मरंल तवा ह्याच गावानं तिला खांदा द्यावा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांनी. मनापासून.

"आनि खांदा द्यायला येतील ते तिच्या दारात पानी पितील म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" एका आवाजात, जोरात. आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की आपण काय म्हटलं. ज्याच्या दारात पाणी प्यायचं कबूल केलं, ते घर वाळीत कसं राहील? लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी हात वर केला. पण आई डोळे मिटून होती.

"आनि माज्या झिलानं एका देवाला शबूद दिलाय म्हाराजा. तो तुज्यापुढं वाकला नाय. त्याला कोनी वाकवू नये म्हाराजा!"

आता मात्र कोणी बोललं नाही. पालखीवरची झूल हलत होती तेवढीच. आई तशीच हात जोडून उभी राहिली. तिला घाई नव्हती.

मग मागून एकटा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

सोनबा. मान खाली, पण आवाज पार डोंगराला पोचेल असा. मग त्याची बायको. मग पलीकडून गावात सगळ्यांत वडील असलेले महादूआजा, मग बायका, मग सगळे. मुंबईचे पण.

"ह्या गाऱ्हान्यात बसत नाय," काका ओरडले.

महादूआजा काठी आपटून म्हणाले, "बसत नाय तर व्हय कशाला म्हटलंत? देवापुढं म्हटलेलं मागं घेतोस? घे बघू."

काकांनी नाही घेतलं. आमच्याकडे भांडणात माणूस डोकं फोडेल, पण सहाणेवरचा होकार परत घेणार नाही. ढोल वाजायला लागले.

आई माझ्याजवळ आली. धापा टाकत होती. मी म्हणालो, "आई, हे तू काय केलंस?"

"तू तुज्या देवाशी इमान राखलंस. मी माज्याशी. चल घरी, भूक लागल्ये."

वाटेत सोनबाची बायको रेश्माला म्हणाली, "आता पान्याला पुढल्या दारानं येशील नवं?" आणि दोघी हसत सुटल्या. मला काही कळलं नाही.

मी काय मागितलं होतं? उभं राहायचं बळ. ते मिळालं. बाकीचं हे सगळं मी मागितलं नव्हतं, आणि ते कुठल्या रस्त्याने आलं याचा विचार करतो तेव्हा डोकं चालत नाही. मी उपकार मानतो ते येशूचेच, दुसऱ्या कोणाचे मानणार नाही, आणि आईला उद्या तेच सांगणार. ती ऐकणार नाही. मीही सोडणार नाही. पण आज मी तिच्या पाया पडलो, आणि पडताना मला कोणत्याही आज्ञेची भीती वाटली नाही.

२८ मार्च, गुड फ्रायडे

महाडहून उपासना करून आलो तर गोमाजीकाका अंगणात उभे. बराच वेळ घसा खाकरला.

"पानी दे," म्हणाले. चेहरा असा की विष मागतायत.

तांब्या दिला. उभ्यानेच प्यायले. मग माझ्या काळ्या बंद गळ्याच्या कोटाकडे बघून म्हणाले, "आज तुजा देव मेला म्हनं."

"हो काका. आजच्या दिवशी."

"मग सुतक हाय काय तुला? शिवू नको काय?"

"सुतक नाही. रविवारी उठतो तो."

"उठतो?"

"उठतो."

काका विचारात पडले. "आमच्यात धा दिवस लागतात," ते म्हणाले, "आनि उठत तर कोनीच नाय." मग उंबऱ्याकडे बघितलं, आत आलेच नाहीत, पायरीवर बसले. "पुढल्या शिमग्याला पन तू यायचा नायस?"

"नाही."

"आनि वयनी नसल्या तर? गाव परत टाकील तुला. मीच टाकीन."

"टाका. तरी नाही."

त्यांनी रिकामा तांब्या पुढे केला आणि मी तो भरून आणायला आत गेलो.